दीड वाजताची सावली

आमच्या छतावर सोळा सोलर पॅनल बसले, त्या आठवड्यापासून मला शाळेतल्या मुलांची फार काळजी वाटू लागली.

हे वाक्य आज मी सरळ लिहून टाकतो, कारण आमच्या टिंकर्स गली गावातल्या माणसांनाच काय, तारेवर बसणाऱ्या काकाकुव्यांनाही ते आता ठाऊक आहे. तेव्हा मात्र ते मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसल्यासारखं वागणं मला फार छान जमत होतं, असं म्हणू या.

पॅनलबरोबर मोबाइलवर एक आलेख येतो. सकाळी सूर्य डोंगरावरून वर आला की रेघ हळूहळू चढते, बाराच्या पुढे ऐटीत माथ्यावर जाऊन बसते. आमची रेघही बसायची. आणि बरोबर दीड वाजता कुणीतरी पाठीमागून ढकलावं तशी धाडकन खाली यायची. मी खुर्चीवर चढून पाहिलं. शाळेच्या आवारात, आमच्या कुंपणाच्या पलीकडे, तीनशे वर्षांची लाल नीलगिरी उभी होती. दीड वाजला की ती आपली सावली उचलायची आणि माझ्या छतावर वाळत घालायची.

मी आलेख छापून घेतला. त्यावर लाल पेनाने बाण काढून लिहिलं, "दीड वाजता! झाड!! बावीस टक्के!!!" हा कागद लक्षात ठेवा. मी विसरलो, म्हणून सगळं झालं.

आता, सावली पडते म्हणून तीनशे वर्षांचं झाड पाडा, असं कुणी मागत नाही. पण आमचा भाग वणव्याचा. डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात (आम्ही दक्षिण गोलार्धातले) उत्तरेचा तापलेला वारा सुटला की गावातला प्रत्येक माणूस दर दहा मिनिटांनी दारात येऊन हवेचा वास घेतो. शाळेभोवतीची झाडं हा विषय तर कुणीही, कधीही काढावा आणि कुणीही नाही म्हणू नये असा. शिवाय मी शाळेच्या समितीचा सचिव. आमची मुलं शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली, पण दुसरं कुणी सचिव व्हायला तयार नव्हतं आणि मी अडतीस वर्षं जमीन-नोंदणीच्या कचेरीत काढलेली. कोरा अर्ज दिसला की माझी बोटं शिवशिवतात.

"तुला मुलांची इतकी काळजी कधीपासून?" माझी बायको ग्वेनिथ म्हणाली. "गेल्या महिन्यात त्यांचा चेंडू अंगणात आला, तर तीन दिवस कपाटात कोंडून ठेवला होतास."

"तो शिस्तीचा प्रश्न होता. हा जिवाचा आहे."

"कुणाच्या?"

बायकांना असे प्रश्न विचारायची सवय असते. मी अर्ज भरायला बसलो.

अर्ज क्रमांक सात-ब. पहिला प्रश्न, झाड कुणाच्या मालकीचं? शिक्षण खात्याला विचारलं तर म्हणाले, बुंधा आमचा, पण मोठ्या झाडाचा निर्णय नगर परिषदेचा. नगर परिषद म्हणाली, निर्णय आमचा, पण आगीचा धोका ठरवणार वणवा कार्यालय. वणवा कार्यालय म्हणालं, आम्ही ठरवू, पण आधी शिक्षण खात्याची चिठ्ठी आणा. मला हे सगळं इतकं घरच्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पुढचा प्रश्न, धोका कुणाला? मी लिहिलं, "दोनशे अकरा विद्यार्थी, नऊ शिक्षक," आणि वजन यावं म्हणून, "शाळेच्या चार कोंबड्या."

मग बुंध्याचा घेर. जमिनीपासून एक मीटर उंचीवर मोजावा. मी ग्वेनिथची शिवणाची टेप नेली. ती दीड मीटर आणि नीलगिरी पाच माणसांच्या कवेतली. टेपचं एक टोक दातात धरून, गाल खोडाला चिकटवून, दोन्ही हात पसरून मी झाडाभोवती सरकत होतो. साल गार होती, गालाला लागली की विहिरीच्या काठासारखी. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका डिमोपुलोसबाई तिथून गेल्या. त्यांना गहिवरून आलं. त्यांनी फोटो काढला.

तो फोटो गावच्या पत्रकात पहिल्या पानावर. मी नीलगिरीला मिठी मारलेला, डोळे मिटलेले (टेप डोळ्यात गेली होती). खाली छापलेलं, "झाडांचा सखा, श्री. कॉलिन ट्रेझाइस."

त्याच दिवशी माझ्या अर्जाची नोटीस शाळेच्या फळ्यावर लागली आणि गाव दुभंगलं. एक तट म्हणाला, एकच झाड का, शाळेभोवतीची त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पाडा. दुसरा म्हणाला, एका पानाला हात लावाल तर खबरदार. पहिल्यांनी मला सचिव केलं, कारण अर्ज माझा. दुसऱ्यांनीही मलाच केलं, कारण फोटो माझा. नाही म्हणायची मला सवय नाही. तीन आठवडे मी स्वतःला कडक शब्दांत पत्रं लिहीत होतो आणि स्वतःला तितकीच सणसणीत उत्तरं पाठवत होतो.

इथवर हसण्यासारखं आहे. मीही हसून सांगतो. पुढचं सांगताना माझी मान जरा खाली जाते.

अर्जावर शेजाऱ्याची सही हवी होती. आमच्या पूर्वेला हेल्गा नित्श्के राहते. वय एक्याऐंशी. तिच्या अंगणाचा कोपरा शाळेला लागून, आणि त्या कोपऱ्यात तुती. तिचा नवरा वॉल्टर शाळेचा शिपाई होता, त्याने लावलेली. आमच्याकडे वसंत आला की प्रत्येक शाळकरी पोराच्या घरी बुटांच्या खोक्यात रेशमाच्या अळ्या असतात. अळ्या फक्त तुतीचा पाला खातात, आणि गावात तुती एकच. म्हणून ऑक्टोबर लागला की शाळा सुटल्यावर हेल्गाच्या फाटकाशी रांग. खोकी काखेत धरलेली, झाकणांना भोकं पाडलेली. हेल्गा शिडीवर, एप्रनमध्ये पाला, आणि वरून हाक, "अळ्या किती? खरं सांग! तीस म्हणालास तर तिसांपुरताच मिळेल!"

तिने मला केक दिला, वर लोणी-साखरेचा चुरा असलेला. मी माझं भाषण दिलं. ठिणग्या, वारा, कोरडी साल, दोनशे अकरा मुलं. कोंबड्यांचा उल्लेख टाळला. भाषण चांगलं झालं. फारच चांगलं झालं. हेल्गाने हातातला कप खाली ठेवला.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "याच शाळेत. बाईंनी आम्हाला ओल्या घोंगड्यांखाली बसवलं होतं. दाराखालून धूर येत होता. बाई गाणं म्हणत होत्या आणि त्यांचा आवाज कापत होता. ते गाणं मी नंतर कधी म्हटलं नाही, कॉलिन."

मी केक खात होतो.

तिने सही केली. मग खिडकीतून बाहेर पाहत विचारलं, "आणि माझी तुती रे? तीही शाळेला लागूनच आहे."

इथे मला एक शब्द बोलायचा होता. "नाही." एवढाच. तुतीने कुणाचं काय जाळलंय! पण तुतीला सोडलं तर नीलगिरीचं काय, असा नोंदणी-कचेरीतला विचार माझ्या डोक्यात आला, आणि मी म्हणालो, "झाड ते झाडच ना, हेल्गा."

शनिवारी सकाळी यांत्रिक करवतीचा आवाज आला. मला वाटलं, रस्त्यावर काही काम चाललंय. मी रेडिओ मोठा केला.

सोमवारी शाळा सुटली. रांग लागली. फाटकाशी खोकी घेऊन पोरं उभी आणि कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा पांढरा बुंधा. हेल्गा प्रत्येकाला समजावून सांगत होती, "तुमच्यासाठीच पाडली, राजा. आग येऊ नये म्हणून." पोरांनी ऐकून घेतलं. मग एक शेंबडी मुलगी म्हणाली, "पण आज त्या काय खातील?"

हेल्गाने आमच्या घराकडे पाहिलं. मी पडद्यामागे होतो. माणूस पडद्यामागे किती मोठा दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

"जा," ग्वेनिथ म्हणाली. मी कोट शोधू लागलो. "कोट नको. पिशवी घे."

पुढचे सहा दिवस मी तुतीच्या शोधात काढले. शेजारच्या गावातल्या नर्सरीत एक रोप होतं, त्याला अकरा पानं. डिमोपुलोसबाईंनी हिशेब केला, शाळेत एकूण अळ्या दोन हजारांच्या वर, आणि मोठी झाली की एकेक अळी दिवसाला चार-पाच पानं सहज खाते. कुणी सांगितलं कोबी घाला. घातला. अळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना डोळे नीट नसतात म्हणतात, तरी पाहिलं.

शेवटी वीस किलोमीटरवरच्या एका गावात, चर्चच्या मागच्या अंगणात, डेरेदार तुती सापडली. आत जाऊन मागायला हवं होतं. पण कशाला हवीत असं विचारलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून रविवारी सकाळी, आत प्रार्थना चालू असताना, मी भिंतीवर चढलो. पिशवी भरत आली तोच खालून आवाज आला.

"काय रे कॉल, देवाच्या घरी मागच्या दाराने?"

मर्व्ह. आमच्या स्वयंसेवक आगदलाचा प्रमुख, पेशाने प्लंबर, आणि, हे मला माहीत नव्हतं, त्या चर्चमध्ये बासरी वाजवणारा.

"मुलांसाठी," मी भिंतीवरून म्हणालो.

"तुझं हल्ली सगळंच मुलांसाठी चाललंय बाबा," मर्व्ह म्हणाला, आणि शिडी आणायला गेला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मी भिंतीवर जास्त आरामात बसलो असतो.

नोव्हेंबरात वणवा कार्यालयाची तपासणीस आली. टॅमसिन नावाची, उन्हाने नाकाची साल निघालेली तरुणी. दोन दिवस शाळेभोवती फिरली. झाडांकडे कमी आणि आमच्या घराकडे जास्त पाहते असं मला वाटलं. घर छानच आहे, म्हणून मी हात हलवला. कुंपणापाशी ती बराच वेळ थांबली तेव्हा तर मी बाहेर जाऊन माहितीही दिली. वाळक्या काटक्यांच्या जुड्या तारेने घट्ट बांधून केलेलं ते कुंपण मी तीन उन्हाळे खपून स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं.

"एकदम कोरड्या काटक्या वापरल्यात?" तिने विचारलं.

"कडकडीत," मी अभिमानाने सांगितलं. तिने लिहून घेतलं.

अहवाल बंद पाकिटात आला. डिमोपुलोसबाई म्हणाल्या, आधी समितीने वाचू या. मी म्हटलं, छे, लोकांसमोर उघडायचा, यात लपवण्यासारखं काय आहे? हे माझे शब्द. इतिवृत्तात आहेत, मीच लिहिलेत.

शाळेचं सभागृह भरलेलं. मुलांच्या खुर्च्या, त्यावर मोठी माणसं, सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. हेल्गा पहिल्या रांगेत. मी चष्मा पुसला, पाकीट फोडलं आणि सचिवाच्या भरदार आवाजात वाचू लागलो.

"झाड क्रमांक एक, लाल नीलगिरी. खोड गुळगुळीत, खालची फांदी अकरा मीटरवर, तळाची जमीन मुलांच्या पावलांनी साफ. धोका कमी. पाडण्याचं कारण दिसत नाही."

अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी त्यांचाही सचिव होतो, म्हणून हसलो.

"उरलेल्या बेचाळीसपैकी अडतीस ठेवावीत, खालच्या फांद्या छाटाव्यात. चार वठलेली काढावीत. मात्र," मी आवाज चढवला, कारण "मात्र" नंतर नेहमी महत्त्वाचं असतं, "शाळेला सर्वांत गंभीर धोका दक्षिणेकडच्या घर क्रमांक चौदापासून आहे."

चौदा. कुठलं बरं हे? असा विचार करायला मला पुरती एक ओळ लागली.

मी वाचत राहिलो. सचिवाला मध्ये थांबता येत नाही. "वाळक्या काटक्यांचं कुंपण, शाळेच्या वर्गापासून सात मीटर. वारा फिरून दक्षिणेचा झाल्यास पेटती मशाल ठरेल. घरमालकाच्या म्हणण्यानुसार काटक्या कडकडीत आहेत. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून दोन टन जळाऊ लाकूड. पन्हळीत बोटभर पाचोळा. सोलर पॅनलखाली पाखरांची घरटी, गवत, पिसं."

सभागृहात एका खुर्चीचा पाय करकरला.

"परिशिष्ट तीन. अर्जदाराने अर्जासोबत सोलर पॅनलचा आलेख जोडला आहे. त्यावर हाताने लिहिलं आहे," इथे मी खोकलो. मर्व्हने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी पाणी प्यालो आणि वाचलं, "'दीड वाजता, झाड, बावीस टक्के.' उद्गारचिन्हं सहा. याचा आगीच्या धोक्याशी संबंध कार्यालयाला समजला नाही."

गावाला समजला. आधी मागच्या रांगेला, मग मधल्या, मग पुढच्या. वाऱ्याने गवत लवत जावं तसं ते समजणं माझ्याकडे चालत आलं.

शेवटचा परिच्छेद उरला होता. "शाळेच्या आग्नेय कोपऱ्यालगत नुकताच तोडलेला तुतीचा बुंधा आढळला. तुतीचा पाला ओलसर असतो. असं हिरवं झाड ठिणग्या अडवतं. ते शाळेच्या उपयोगाचं होतं."

हेल्गा उठून उभी राहिली. काठी टेकत, सावकाश.

"कॉलिन, माझ्या तुतीची सावली तुझ्या छतावर पडत होती का रे?"

"नाही, हेल्गा."

"मग?"

एवढंच. मला अडतीस वर्षांत कुठल्या अर्जावर इतका लहान आणि इतका अवघड रकाना भेटला नाही. मी उभा होतो, हातात कागद.

"मग काही नाही," मी म्हणालो. "मी बोललो नाही. बोलायला हवं होतं."

तिने मान हलवली, जशी दुकानात भाव ऐकून हलवतात, आणि खाली बसली. इतिवृत्तात मी लिहिलं, "सचिवांनी उत्तर दिलं." ग्वेनिथने घरी ते वाचलं आणि पेनाने "उशिरा" हा शब्द मध्ये घातला.

पुढच्या शनिवारी श्रमदान. माझ्याच घरी. साठ माणसं आली, फावडी, कात्र्या, ट्रेलर घेऊन. मर्व्ह छतावर चढला आणि पन्हळ साफ केली. दोन्ही तट खांद्याला खांदा लावून माझं तीन उन्हाळ्यांचं कुंपण उपटत होते, किती तरी दिवसांनी एकमेकांशी हसून बोलत होते. ग्वेनिथ तव्यावर सॉसेज भाजून पावात घालून देत होती. कुणी मला एक वाकडा शब्द बोललं नाही. उलट विचारत होते, "कॉल, दमलास का? बस जरा." त्या दिवशी कुणीतरी मला शिवी द्यावी म्हणून मी गर्दीत मुद्दाम पायांत पाय घालत हिंडलो. लोक सरकून वाट देत होते.

कुंपण गेलं आणि त्या जागी जाळी आली. आता शाळेच्या मैदानातून आमचं छत स्वच्छ दिसतं. मधली सुट्टी सव्वाला. दीड वाजला की जाळीशी पन्नास-साठ पोरं जमतात आणि एका सुरात ओरडतात, "मिस्टर ट्रेझाइस, सावली आली!" शिव्या मागितल्या होत्या, या मिळाल्या. मी बाहेर येऊन हात हलवतो. न आलो तर दुसऱ्यांदा ओरडतात.

चर्चमागच्या पाल्यावर अळ्या जगल्या. निम्म्या तरी. शेवटचे पंधरा दिवस एकतीस खोकी आमच्या जेवणाच्या टेबलावर होती, आणि सगळं घर शांत झालं की पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा, बारीक, अखंड. हजारभर जबडे पाला चावत होते. ग्वेनिथ आणि मी उभ्याने जेवत होतो. मग त्यांनी मान वर केली, डोलल्या, आणि स्वतःभोवती पिवळी सोनेरी घरं विणून घेतली. कुणाची सही लागली नाही.

हेल्गा मात्र माझ्याशी बोलत नव्हती. भांडण नव्हतं. फाटकाशी भेटली की मान हलवायची, तीच, भाव ऐकल्यासारखी.

जानेवारीत पारा त्रेचाळीसवर गेला. शाळेला सुट्टी. उत्तरेचा वारा, आणि पानं नळीसारखी गुंडाळलेली. दुपारी दारावर काठी वाजली.

"बादली घे," हेल्गा म्हणाली. "चल."

तिच्या कोपऱ्यात मी तीन महिने पाहायला धजलो नव्हतो तो बुंधा. त्याच्या कडेने, सालीतून, बोटभर लांबीचे आठ-दहा कोंभ. पानं नखाएवढी, चकचकीत, उन्हाने माना टाकलेली.

"पाणी सकाळी घातलं," ती म्हणाली. "पाण्याने भागत नाही. ऊन थेट येतं. आज करपतील. कालची दोन गेली बघ."

मी शर्ट काढून दोन काठ्यांवर ताणून धरला. वाऱ्याने तो उडवून शाळेच्या जाळीवर नेऊन अडकवला. मग मी स्वतःच उन्हाकडे पाठ करून उभा राहिलो. बनियनवर, अडुसष्ट वर्षांचा, एका बुंध्यासमोर. माझी सावली तीन कोंभांना पुरली. बाकीच्यांना नाही.

हेल्गाने मला आपादमस्तक न्याहाळलं. बहुधा मी कशाच्या उपयोगाचा आहे याचा ती पहिल्यांदाच विचार करत होती.

"किती वाजले रे?" तिने विचारलं.

"एक पंचवीस."

आम्ही दोघंही एकदमच वर पाहिलं. नीलगिरी उभी होती. सावली शाळेच्या मैदानावरून जाळीशी आली होती, जाळीतून गळून माझ्या अंगणात उतरत होती. माझ्या छताच्या कडेला तिने हात लावला. खिशात मोबाइल होता. मी पाहिला नाही. पाहिला असता तर रेघ कड्यावरून पडताना दिसली असती.

माझ्या घरावरून हेल्गाच्या कोपऱ्यापर्यंत यायला सावलीला तास-दीड तास लागतो. हे मला कुणीही विचारलं असतं तर मी मिनिटासकट सांगितलं असतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही पूर्वेकडे कधी बघितलं नव्हतं. माझा आलेख माझ्या छतापाशी संपत होता.

हेल्गाने आतून दोन खुर्च्या आणायला लावल्या. एक तिने बुंध्याच्या या बाजूला ठेवली, एक मी त्या बाजूला, उन्हाच्या तोंडावर, पाठ भाजून घेत. तिने माझ्या डोक्यावर वॉल्टरची जुनी टोपी ठेवली. ती हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती, जुन्या शाळेतलं असावं. दोन ओळींनंतर विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

त्यानंतर सबंध उन्हाळा, रोज, हेच. आता शाळाही उघडली आहे; दीड वाजला की तिकडून पोरं ओरडतात, "सावली आली!" मी बाहेर येतो, हात हलवतो. आणि पूर्वेकडच्या अंगणातून काठी आपटल्याचा आवाज येतो, मागोमाग एक्याऐंशी वर्षांचा खणखणीत आवाज.

"ऐकलं रे, कॉलिन! किती वेळ ठेवशील? पुढे पाठव!"